झाडीपट्टीत लाकडी घर बांधायचं तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, नागभीड तालुक्यात रानाच्या कडेला दीड एकर जागा, उताराच्या टोकाला बोडी (छोटं तळं), मधे दोन मोह आणि एक जुनी चिंच. आईवडील, नवराबायको आणि दोन मुलं अशा सहा जणांसाठी पूर्ण लाकडी घर हवं, भोवतालच्या जंगलाला शोभेल असं. सोबत हिमाचलातल्या एका लाकडी कॉटेजचे फोटो पाठवलेत. वडिलांचं जुनं कवेलूचं (कौलारू) घर पाडायचं, फेब्रुवारीत काम काढायचं आणि पावसाळ्याआधी राहायला जायचं, असा बेत आहे.

भाऊ, फोटोतलं घर देखणं आहे. पण तिथे आतली ऊब बाहेर जाऊ नये म्हणून फळ्यांच्या भिंती उभ्या करतात. आपलं दुखणं उलटं आहे. ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४६-४७ वर जातो, हे तुम्हाला सांगायला नको. दीड इंची फळी उष्णता अडवते थोडी, पण साठवून ठेवायला तिच्यात जागाच नसते. सकाळी अकराला भिंत तापली की बाराला खोली तापली. दीड फुटी मातीच्या भिंतीतून तीच उष्णता आत यायला दहा-बारा तास लागतात. ती आत पोचते तेव्हा रात्र झालेली असते, खिडक्या उघड्या असतात आणि निम्मं घर अंगणात बाजा टाकून झोपलेलं असतं.

म्हणून माझ्या हातून झालेल्या घरांत वाटणी ठरलेली आहे. भार लाकडानं पेलायचा, गारवा मातीनं सांभाळायचा आणि ऊन-पाऊस छपरानं झेलायचा. खांब, सर (तुळया), आढं (छपराच्या माथ्याची तुळई), वासे, दारं, खिडक्या, माळा हे सगळं लाकडाचं. भिंत मात्र मातीची, आणि तिच्यावर छपराचा भार नाही. आपल्याकडची जुनी घरं अशीच होती. भिंत पडली तरी छप्पर उभं राहायचं, पुढच्या उन्हाळ्यात भिंत परत घालायची. सेवाग्रामला बापूकुटी पाहिली असेल तर माती, लाकूड, बांबू आणि कवेलू एकमेकांना कसे धरून असतात ते आठवेल. पाहिली नसेल तर एकदा मे महिन्यातच दुपारी जा.

आता हिशेब करू, कारण 'पूर्ण लाकडी' म्हणजे किती लाकूड हे बहुतेकांना माहीत नसतं. समजा मुख्य घर ३० फूट बाय २० फूट. दहा-दहा फुटांवर खांब, म्हणजे चारच्या तीन रांगा, बारा खांब. कडेचे आठ ९ फुटांचे, मधले चार आढ्यापर्यंत १५ फुटांचे, सगळे ६ बाय ६ इंची. यांना ३३ घनफूट लागलं. ५ बाय ७ च्या लांब आणि आडव्या तुळया मिळून ४१-४२. दोन-दोन फुटांवर ३ बाय ४ चे वासे आणि त्यांच्या पोटाखाली मधोमध एकेक आडवा आधार, हे साधारण ५०. एकूण सव्वाशे घनफुटांत घराचा अख्खा सांगाडा उभा राहतो. हे माप अंदाजाला आहे. कामाआधी कवेलूचं वजन धरून इंजिनिअरकडून तपासून घ्या. आता फळ्यांच्या भिंतीचं पाहा. घेर १०० फूट, उंची ९ फूट, जाडी दीड इंच, की झाले ११२ घनफूट. म्हणजे सांगाड्याला लागतं जवळपास तेवढंच लाकूड नुसत्या भिंती खातात, आणि तेही पातळ चिरलेलं, उन्हापावसात उघडं. त्या पैशात सांगाड्याला गाभ्याचा उत्तम साग घेता येईल.

लाकूड कोणतं? साग तर घरचा. आलापल्ली, बल्लारशाचा साग देशभर नावाजलेला आहे. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये इथूनच लाकूड गेलं, तेव्हा बल्लारपुरात केवढी मिरवणूक निघाली होती. पण 'साग' एवढा शब्द ऐकून पैसे मोजू नका. ओंडक्याचा काप पाहा. मधला तांबूस-तपकिरी गाभा आणि बाहेरचं पांढरट कडं वेगळं दिसतं. गाभ्यात तेल असतं, त्याला उधई (वाळवी) सहसा लागत नाही. पांढऱ्या कड्याला लागते आणि घुणही लागतो. कोवळ्या सागात गाभा थोडा आणि पांढरंच जास्त. बाजारात 'सागाची चौकट' म्हणून स्वस्तात मिळते ती बहुधा अशी असते; पॉलिश केल्यावर दोन्ही सारखेच दिसतात. चिराई आपल्यासमोर करून घ्या आणि पांढरं कडं उतरवून मगच माप धरा.

सगळीकडे सागच हवा असंही नाही. बिजा चौकटी आणि खांबांना सागाच्या खालोखाल, टिकायला पक्का. त्याच्या पेल्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्याला निळसर झाक येते, मधुमेहाचे लोक पितात, तेच हे झाड. ऐन ताकदीचा, तुळईला चांगला, पण वाळताना तडकतो. त्याच्याशी घाई केली की तो सूड घेतो. हलदू पिवळा, गुळगुळीत, कोरीवकामाला आणि आतल्या कपाटांना छान, बाहेर पावसात ठेवू नये. धावडा आणि तिवस गाडी-नांगरासाठी राहू द्या. मोह कोणी घरासाठी तोडत नाही, तुम्हीही तोडू नका.

वाश्यांसाठी चिरलेल्या लाकडाऐवजी गोल बल्ल्या घ्या असं मी सुचवतो. सागाच्या रोपवनात विरळणी होते तेव्हा निघालेल्या बल्ल्या सरकारी लाकूड डेपोत मिळतात. गोल लाकडाचे धागे चिराईत कापले जात नाहीत, म्हणून त्याच जाडीच्या चिरलेल्या वाश्यापेक्षा बल्ली जास्त भार घेते. अडचण एकच, तिच्यात पांढरं लाकूड भरपूर असतं. साल काढायची आणि लाकूड ओलं असतानाच बोरॅक्स-बोरिकच्या पाच-सहा टक्के द्रावणात बुडवून ठेवायची. बोरिक म्हणजे कॅरमबोर्डावर टाकतात ती पावडर. हे द्रावण पावसानं धुऊन निघतं, म्हणून छपराखाली कोरड्यात राहणाऱ्या लाकडालाच ते चालतं.

बांबूलाही हेच. छपराच्या कामट्यांना आणि माळ्याला मानवेल घ्या, तो भरीव असतो; कटांग मोठा पण पोकळ. तीन वर्षांच्या आतला कोवळा बांबू नको, आणि तोड थंडीतली हवी. त्या वेळी बांबूत पिठूळ साखर कमी असते, म्हणून घुण कमी लागतो. जुने लोक बांबू वाहत्या पाण्यात महिनाभर दाबून ठेवायचे, तेही याचसाठी. आणखी एक गोष्ट फारसं कोणी बोलत नाही. पूर्वी चुलीचा धूर रोज छपरात जायचा, वासे-कामट्या काळ्या कुळकुळीत व्हायच्या आणि किडीला नकोशा व्हायच्या. गॅस आला, बायांचे डोळे आणि छाती वाचली, फार चांगलं झालं. पण छपराचं रोजचं औषध बंद पडलं. 'आजोबाच्या काळात तर काहीच लावत नव्हते' असं म्हणणाऱ्याला मी हे सांगतो.

आता वाळवण. इथेच बहुतेक घरं फसतात आणि मीही फसलो आहे. आपल्याकडे मे महिन्याच्या हवेत लाकडातला ओलावा पाच-सहा टक्क्यांवर उतरतो आणि ऑगस्टात सोळा-सतराच्या पुढे जातो. लाकूड दर वर्षी आटतं आणि फुगतं, मेल्यावरही. सुरुवातीच्या काळात सिंदेवाहीकडे एका घराला मी ऐनाची तुळई चढवली. विकणारा म्हणाला वाळलेली आहे, मी वरवर पाहून मान डोलावली. मे महिन्यात एका दुपारी बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज झाला, घरचे पळत बाहेर आले. तुळईला टोकापासून चार फूट उभी चीर गेली होती. लोखंडी पट्ट्या आवळून ती वाचवली, अजून आहे, पण त्या घरची म्हातारी मला पाहिलं की अजूनही वर छपराकडे बघते. त्या दिवसापासून मी ओलावा मोजायचं छोटं यंत्र खिशात ठेवतो. बारा टक्क्यांच्या आसपास आल्याशिवाय लाकूड जोडायला घ्यायचं नाही. सावलीत, जमिनीपासून फूटभर उंच, थरांमध्ये पट्ट्या देऊन रचायचं आणि टोकांना मेण किंवा डांबर फासायचं, कारण टोकाकडून पाणी झपाट्यानं उडतं आणि चिरा तिथूनच सुरू होतात. जाड तुळयांना एक पावसाळा आणि एक उन्हाळा मिळाला तर उत्तम. दाराच्या दिल्ह्यांना (चौकटीतल्या फळ्यांना) चौकटीच्या खाचेत हलायला जागा ठेवा, खिळे-फेव्हिकॉलनं जखडू नका. जखडलेला दिल्हा ऑगस्टात फुगून दार अडवतो आणि मे महिन्यात फाटतो.

खांबाचा पाय ही दुसरी नाजूक जागा. हल्ली गवंडी सरळ खड्डा खणून खांब काँक्रीटमध्ये पुरतात, मजबूत होतो म्हणतात. काँक्रीटचा पेला पाणी धरून ठेवतो आणि जमिनीच्या पातळीवर, जिथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात, तिथे खांब कुजतो. वरून टणक दिसतो, टाचणी घातली की लोण्यात गेल्यासारखी जाते. जुन्या वाड्यांतले खांब तळखड्यावर (खांबाखालच्या दगडी बैठकीवर) उभे असायचे, ते उगाच नाही. दगडाचा तळखडा जोत्याच्या वर पाऊणएक फूट ठेवा, त्यात लोखंडी पिन बसवा आणि खांब तिच्यावर. पिन हवीच. एप्रिल-मेमधलं वावधान (वादळ) पत्रे कसे उडवतं ते पाहिलं असेल. खांब पिनेनं तळखड्याला, तुळई खांबाला, वासा तुळईला, अशी बांधणी वरपासून खालपर्यंत सलग असली पाहिजे. जोतं दोन-अडीच फूट, दगडाचं. उधई मातीच्या नळ्या करून चढते. उघड्या तळखड्यावर तिची नळी लगेच दिसते आणि झाडूनं मोडता येते. भिंतीत गाडलेल्या खांबावर ती दिसत नाही, म्हणून खांब भिंतीच्या आतल्या अंगाला मोकळे ठेवा.

जागा निवडताना आधी माती पाहा. तुमच्या उताराच्या खालच्या बाजूला कन्हार असणार, पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी काळी जमीन. तिच्यावर पाया ठेवला तर भिंती दर वर्षी हलतील. वरच्या अंगाला बरड असेल, मुरूम दोन-तीन फुटांत लागेल, तिथे घर. कन्हारीत धान लावा, तिचं तेच काम आहे. बोडीत पाणी कुठून येतं ती वाट अजिबात अडवू नका. बोडी तुमच्या सातबाऱ्यात असली तरी तिचं पाणी वरच्या चार बांध्यांमधून (धानाच्या शेतांमधून) येतं आणि खालच्या दहा बांध्या भिजवतं. या भागातले मालगुजारी तलाव (मालगुजारांच्या काळातले जुने तलाव) आणि बोड्या एकमेकांना बांधलेल्या असतात. या पावसाळ्यात छत्री घेऊन दोन-तीन मोठ्या सरींत जागेवर उभे राहा आणि पाणी वाहतं तिथे खुंट्या ठोका. वर्षाचा बाराशे-तेराशे मिलिमीटर पाऊस बहुतेक चार महिन्यांत पडतो, तो आपली वाट विसरत नाही.

घराची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा. आपण विषुववृत्ताच्या वीस अंश उत्तरेला आहोत, म्हणजे मे अखेरीस भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि डिसेंबरात दक्षिणेकडे कलून साधारण ४६ अंशांवर. दक्षिणेला छपराची झड तीन फूट पुढे काढली तर मार्चपासूनच दुपारचं ऊन भिंतीला लागत नाही, आणि डिसेंबरात मात्र झडीखालून आत येतं, म्हाताऱ्यांच्या पाठीपर्यंत. म्हणून सपरी (ओसरी) दक्षिणेला, आठ फूट रुंद. थंडीत तिथे ऊन खात बसता येईल, पावसाळ्यात धान वाळवता येईल. सपरीचं छप्पर मात्र उंच बांधा, बुटकं बांधलं तर डिसेंबरचं ऊन मागच्या भिंतीपर्यंत पोचणार नाही. खरा शत्रू पश्चिम. तिथलं ऊन तिरपं येतं, झड त्याला अडवू शकत नाही. पश्चिमेला न्हाणी, संडास, धान्याची कोठी, जिना असं रचा आणि खिडकी शक्यतो नकोच. तुमची चिंच त्या बाजूला येत असेल तर घर तिच्या सावलीत सरकवा, पण खोडापासून निदान तीस फूट लांब. मोहापासून त्याहूनही लांब राहा. मार्च-एप्रिलात पहाटे मोहफुलं पडतात तेव्हा वेचायला तुमची आईच जाते असं नाही, अस्वलही येतं. संडास घराला जोडून हवा तो याचसाठी. रात्री टॉर्च घेऊन परसात जाणं रानाच्या कडेला परवडत नाही.

भिंतीबद्दल थोडक्यात. बरडीची माती, थोडा मुरूम आणि तणस (धानाचा पेंढा) कालवून आठ-दहा दिवस कुजू द्या, मग अठरा इंची भिंत फूट-फूट चढवा, प्रत्येक थर वाळल्यावर पुढचा. जोत्यावर पहिले दोन फूट दगड किंवा विटा, पावसाचे शिंतोडे तिथे लागतात. वर मातीचाच गिलावा किंवा चुना. सिमेंटचा गिलावा मातीला धरत नाही, मागे ओल कोंडते आणि दोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात. बाहेरच्या लाकडाला वार्निशपेक्षा उकळलेलं जवसाचं तेल बरं. जवस आपल्याच शेतात होतो, आणि तेलाचा हात दर दोन वर्षांनी फिरवता येतो. वार्निश सोलपटून निघालं की आधी सगळं घासावं लागतं.

छपरावर येतो, कारण तुम्ही फोटोत हिरवा रंगीत पत्रा दाखवला आहे. पत्रा का पसरला ते मला माहीत आहे: वानरं. टोळी एकदा छपरावरून पळाली की पन्नास कवेलू फुटतात, आणि देशी कवेलू दर उन्हाळ्यात फेरणारे (उतरवून परत रचणारे) हातही आता गावात दोन-तीनच उरले. नुसता पत्रा टाकला तर मातीच्या भिंतीचा सगळा गारवा वरून वाया जातो. मी करतो ते असं: वाश्यांवर बांबूची चटई, तिच्यावर साधा पत्रा, पत्र्यावर आडव्या पट्ट्या आणि त्यांच्यावर कवेलू. गळती पत्रा थांबवतो, ऊन कवेलू खातं, आणि दोघांमध्ये दोन इंच हवा फिरते. चार कवेलू फुटले तरी रात्री कोणाला उठावं लागत नाही. उतार तीस अंश, त्याहून कमी नको. आत माळा बांबूचा, त्याच्यावर मातीचा पातळ थर. आढ्याजवळ दोन्ही टोकांना जाळी लावलेले झरोके, म्हणजे तापलेली हवा निघून जाईल. जाळी बारीक लावा, नाहीतर वटवाघळं तुमच्याआधी गृहप्रवेश करतील.

आगीची भीती सगळेच विचारतात. जाड खांब सहजी पेट घेत नाही, वरचा थर कोळसा होतो आणि आतल्याला वाचवतो. धोका असतो तो माळ्यावरच्या उघड्या वायरींचा, ज्या उंदीर कुरतडतात. सगळी वायरिंग लोखंडी पाइपातून घ्या आणि त्यावर पैसे वाचवू नका. फेब्रुवारी ते मे वणव्याचे दिवस. वनखातं जाळरेषा काढतं तशी तुम्हीही रानाच्या बाजूला वीस-पंचवीस फुटांची पट्टी पालापाचोळ्यापासून साफ ठेवा, आणि तणसाचे ढीग घराला टेकून रचू नका.

कागदपत्रांचं एवढंच. स्वतःच्या शेतातला साग, बिजा, ऐन, हलदू तोडायचा तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी लागते, आणि लाकूड हलवायला वाहतूक परवाना. शेतातल्या बांबूला २०१७ पासून झाड म्हणून धरत नाहीत, तो मोकळा आहे. कुठूनही घ्या, पण डेपोची पावती आणि पास जपून ठेवा. रात्री ट्रॅक्टरनं आणून देतो म्हणणाऱ्याकडून एक काडीही घेऊ नका. आणि जागा ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रात येते का, ते तहसिलीत आधीच पाहून घ्या.

फेब्रुवारीत सुरुवात आणि जूनमध्ये गृहप्रवेश हे जमणार नाही. यंदा पाणी पाहा, थंडीत बांबू तोडा आणि डेपोतून लाकूड उचला, पुढचा उन्हाळा आणि पावसाळा ते रचून ठेवा. त्यानंतरच्या दिवाळीला पाया, मेअखेर छप्पर, आणि मातीच्या भिंती छपराच्या सावलीत निवांत चढवा.

सगळ्यात महत्त्वाचं राहिलं. वडिलांचं घर जेसीबीनं पाडू नका. त्या घराची आढं आणि तुळया चाळीस-पन्नास वर्षं वाळलेल्या आहेत. असं लाकूड आज कोणत्याही डेपोत मिळत नाही. मधल्या खांबांना आणि दोन तुळयांना ते पुरलं तरी मोठा खर्च आणि वर्षभराची वाट वाचेल. उतरवायच्या आधी प्रत्येक नगाला खडूनं नंबर घाला, कोणता कशाला जोडलेला होता त्याचा फोटो काढा, सांधे करवतीनं कापू देऊ नका, खुंट्या ठोकून बाहेर काढायला सांगा. टोकं टोचून पाहा. भिंतीत गेलेला फूटभर भाग बहुधा पोकळ निघेल, तेवढा कापून बाकी वापरा. जुने खिळे सगळे उपटून काढा, एक जरी आत राहिला तरी चिराईवाला पातं तुटल्याचे पैसे तुमच्याकडूनच घेईल.